माझे जपानी शिकणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी ना कोणी शिकलेल्या बाई येऊन बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे राहावयास सांगितले, तेव्हा मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठावर मी आजवर चढले ती हळदीकुंकवाच्या पाटांची मांडणी करण्यासाठी. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरवर जपानी लिहिता, हे आमच्या सुनेला सांगितले तर तिला खरे वाटेना. तेवढेच येऊन सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

जपान म्हटले की तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे असे आपल्याला वाटते. पण आपण पुण्याला जाताना सुपा लागते ना, त्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. ज्या पारनेर तालुक्यात उन्हाळा आला की आपण पाण्याच्या टँकरची वाट पाहत आलो, तेथेच हे घडले. त्यामुळे जपानी येणाऱ्या मुलामुलींना काम मिळेल अशी चर्चा आपल्याकडे सुरू झाली. आमच्या थोरलीने डिप्लोमा करता करताच मनावर घेतले. पुण्यात जपानी शिकण्याची सोय पुष्कळ आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकवतात, शिवाय खासगी वर्गही आहेत. तिने असाच एक वर्ग लावला. फीचे पैसे माझ्या भिशीतून दिले.

पुढे २०२० साली टाळेबंदी आली आणि तिचा वर्ग पुण्याहून उठून आमच्या माजघरात आला. ती लॅपटॉपसमोर बसे आणि मी पलीकडे गहू निवडत नाहीतर मेथी खुडत बसे. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान काही बंद करता येत नाहीत. त्या शिक्षिकाबाई पहिल्या आठवड्यापासूनची उजळणी घेत होत्या, "आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को." मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हटले, "अगं, ही तर आपली बाराखडी!" मुलगी हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारले, आणि बाई म्हणाल्या, "तुझ्या आईंना सांग, त्यांनी बरोबर ओळखले."

भगिनींनो, ही हकीकत मला फार आवडली म्हणून थोडी खुलासेवार सांगते. जपानी वर्णमालेचा क्रम असा आहे : आधी पाच स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपले क, च, ट, त, प आणि य, र, ल, व आठवा. आपल्या च-वर्गाच्या जागी त्यांचा 'सा' आहे. आपल्याकडे त-थ-द-ध झाले की न येतो, तसा त्यांच्याकडे 'ता'नंतर 'ना' येतो. प-फ-ब-भ झाले की म येतो, तसा त्यांचा 'हा'नंतर 'मा'. कारण आजच्या 'हा'चा उच्चार फार पूर्वी 'पा' असा होता. शेवटी या, रा, वा तर आपलेच. हा काही योगायोग नव्हे. बौद्ध धर्माबरोबर आपली अक्षरे चीनमधून जपानला पोहोचली. आपल्या देवनागरीच्या नात्यातली सिद्धम् नावाची एक जुनी लिपी आहे. मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून तिकडचे भिक्षू ती शिकत. कूकाई नावाचे एक थोर आचार्य ८०४ साली चीनला गेले आणि तेथे त्यांनी संस्कृत व ही लिपी यांचा अभ्यास केला. आपल्याकडून ती लिपी लोपली, जपानात मात्र थडग्यांपाशी उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर ती अजून लिहितात. नारा शहरातल्या मोठ्या बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. आपल्या सरस्वतीचीही तिकडे बेंझाइतेन या नावाने पूजा होते.

हे कळल्यावर माझी भीती गेली. मी मुलाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि दिवसाला पाच अक्षरे गिरवू लागले. मूळ अक्षरे ४६. ताक घुसळताना म्हणायची, पोळ्या लाटताना पिठात बोटाने काढायची. दोन आठवड्यांत पाठ झाली.

जपानीत लिहिण्याच्या तीन तऱ्हा आहेत. चीनमधून आलेली चित्रासारखी अक्षरे, त्यांना कांजी म्हणतात. ती हजारो आहेत. नेहमीच्या वापरासाठी सरकारने २,१३६ ठरवून दिली आहेत आणि प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलांना त्यातली १,०२६ शिकावी लागतात. दुसरी काताकाना, तिच्यात परदेशी शब्द व नावे लिहितात. तिसरी हिरागाना, म्हणजे मी शिकले ती. गोल, वळणदार, रांगोळीच्या रेषेसारखी.

या हिरागानाची गोष्ट आपल्या मंडळात सांगितलीच पाहिजे. हजार वर्षांपूर्वी जपानात चिनी विद्या पुरुषांची समजत. दरबारचे कागद, शास्त्र, इतिहास सगळे चिनीत. बायकांनी त्या फंदात पडू नये असा रिवाज होता. तेव्हा चिनी अक्षरे भरभर लिहिता लिहिता जी सोपी वळणे तयार झाली होती, त्यांत बायका आपली पत्रे, गाणी आणि रोजनिशा लिहू लागल्या. त्या लिपीला नावच पडले 'ओन्नादे', म्हणजे बायकी हात. पुरुषही त्या लिपीत कविता लिहीत, पण मान चिनीला. त्सुरायुकी नावाच्या एका मोठ्या कवीला ९३५ च्या सुमारास आपल्या प्रवासाची रोजनिशी साध्या बोलीत लिहावीशी वाटली, तर त्याने आपण बाई आहोत असे दाखवून ती लिहिली!

याच लिपीत मुरासाकी शिकिबू या बाईंनी १००८ च्या सुमारास 'गेन्जीची कथा' लिहिली. तिची ५४ प्रकरणे आहेत आणि जगातल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. बाईंचे खरे नाव काय ते आज कोणालाच सांगता येत नाही. पण त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की वडील भावाला चिनी शिकवीत तेव्हा त्या शेजारी बसून ऐकत, आणि भावाच्या आधी त्यांनाच येई. वडील हळहळत, की ही मुलगा म्हणून जन्मली असती तर! हे मुलीने मला वाचून दाखवले तेव्हा हातातली मेथी तशीच राहिली.

आपल्याला असे उदाहरण शोधायला जपानला जाण्याचेही कारण नाही. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला राहिल्या. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत म्हटले तरी चालेल. पण बोलतो तसे लिहून त्यांनी 'स्मृतिचित्रे' केले, आणि १९३४ पासून भागाभागाने निघालेले ते पुस्तक आज मोठमोठे विद्वान डोक्यावर घेतात. शेजारी बसून ऐकलेली विद्या कमी प्रतीची नसते, हे मला या दोघींनी शिकवले.

आणखी एक ऋण सांगते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती एकदा जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. ते विद्यापीठ तोक्योमध्ये १९०१ साली निघाले होते. अण्णांना वाटले, असे आपल्याकडे का नसावे? १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तो विचार मांडला आणि १९१६ साली पुण्यात मुलींसाठी विद्यापीठ उघडले. शिकवणे मातृभाषेतून. तेच आजचे एस. एन. डी. टी. विद्यापीठ. आपल्यापैकी ज्यांच्या मुली-सुना तेथून बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झाल्या, त्यांच्यावर थोडे उपकार जपानचेही आहेत.

आता मी माझ्या चुकीकडे येते. येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, ही बाई मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने किती! तसे नव्हते. मुलीने एकामागून एक परीक्षा दिल्या आणि २०२३ साली तिला जपानातच, ओकायामा शहरात नोकरीचे पत्र आले. घरात हे तयार होते. विरोध केला तो मी. मी म्हटले, "वही गिरवणे वेगळे आणि परमुलखात एकटीने राहणे वेगळे. मुलीच्या जातीला इतके लांब जाऊन काय करायचे?" आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

नवव्या दिवशी चूल सारवल्यासारखा ओटा पुसत होते आणि एकदम माझ्याच शब्दांनी माझा हात थांबला. सातवी झाल्यावर पुढची शाळा आमच्या गावाहून सहा किलोमीटरवर होती. मी पहिल्या पाचांत आले होते. माझ्या आईने तेव्हा हेच वाक्य म्हटले होते, "मुलीच्या जातीला इतके लांब जाऊन काय करायचे?" आईला मी दोष देत नाही. तिलाही भीती होती, मलाही भीती होती. पण सहा किलोमीटरच्या भीतीने माझे काय गेले ते मला ठाऊक होते आणि तरीही मी तेच बोलले. त्या रात्री मी मुलीची बॅग स्वतः काढली.

जाण्याआधी तिने मला पुण्याला नेऊन सिंहगड रस्त्यावरचा पु. ल. देशपांडे उद्यान हा बगीचा दाखवला. ओकायामातल्या प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर तो केलेला आहे आणि पुणे-ओकायामा मैत्रीचा म्हणून तो ओळखला जातो. पाण्यावरच्या छोट्या पुलावर उभी राहून म्हणाली, "आई, मी जेथे जाते आहे तेथे असे आहे. आता तू मनात मला येथेच बघत जा."

विमानतळावर मला रडू आवरेना. ती म्हणाली, "आई, मी 'जाते' म्हणत नाही. जपानी लोकही म्हणत नाहीत." आपण बायका दारातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तसे जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो 'इत्तेकिमासु', शब्दाला शब्द घेतला तर 'जाऊन येते'. घरात राहणाऱ्याने म्हणायचे 'इत्तेराश्शाइ', 'जाऊन ये'. मी पदर तोंडाला लावून तेवढे म्हटले.

ती गेली आणि तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. रोज व्हिडिओवर बोलणे होई, पण माझे लिहिणे थांबले होते. धाकट्याने एक दिवस मला बसवले. त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते, तेथे जपानी जोडायची. पैसे पडत नाहीत. मग इंग्रजी अक्षरांची बटणे दाबायची. के आणि ए दाबले की 'का' उमटते. आपली मुले मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तसेच. विशेष म्हणजे बहुतेक जपानी लोकही असेच लिहितात; तिसरीच्या वर्गात त्यांना त्यासाठी इंग्रजी अक्षरे शिकवतात. मला वाटले होते, दोन हजार अक्षरांना दोन हजार बटणे असतील!

आणि एके काळी जवळजवळ तसेच होते. सुगिमोतो नावाच्या गृहस्थांनी १९१५ साली जपानी टंकलेखन यंत्र शोधले, त्यात २,४०० अक्षरांचे खिळे मांडलेले असत आणि एकेक अक्षर शोधून उचलावे लागे. पुढे १९७८ साली तोशिबा कंपनीने पहिले जपानी वर्ड प्रोसेसर यंत्र आणले. ते सुमारे २२० किलो वजनाचे, मेजाएवढे, आणि किंमत ६३ लाख येन. त्या यंत्राने जी युक्ती केली तीच आज माझ्या लॅपटॉपवर आहे. आधी आवाजाप्रमाणे लिहायचे, मग लांब पट्टी दाबायची, म्हणजे यंत्र त्या आवाजाची कांजी अक्षरे पुढे मांडते. हवे ते आपण निवडायचे. निवडावे लागते, कारण एकाच आवाजाचे अर्थ अनेक. 'हाशि' म्हटले तर पूल, जेवणाच्या काड्या किंवा कडा. निवडताना घाई केली तर जेवायला पूल घेऊन बसायची पाळी!

व्याकरण मात्र आपल्याला जड नाही. 'मी भात खाते' हे त्यांचे 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु'. मी आधी, भात मध्ये, खाणे शेवटी. इंग्रजीसारखी उलटापालट नाही. आपल्या 'ला', 'ने', 'त' सारखे त्यांचेही तुकडे शब्दामागे लागतात. फक्त 'ल' आणि 'ळ' नाहीत, आणि 'न' सोडला तर शब्दाच्या शेवटी पाय मोडत नाहीत. त्यामुळे आपले कमल त्यांच्याकडे 'कामारु' होते.

मागल्या हिवाळ्यात मुलगी तापाने आडवी झाली. एकटी खोलीत. तिने आम्हाला कळवलेसुद्धा नाही. शेजारी एक एकट्या आजी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. सकाळी हिचे दार उघडल्याचा आवाज आला नाही म्हणून त्यांनी येऊन पाहिले. चार दिवस त्यांनी मऊ भाताची पेज आणि खारवलेले आंबट फळ आणून दिले. बरी झाल्यावर मुलीने हे सांगितले, तेव्हा मी ठरवले की त्या बाईंचे आभार मी स्वतः मानणार. मुलीकडून निरोप धाडायचा नाही.

तीन संध्याकाळी बसून मी अकरा ओळींचे पत्र लिहिले. छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेले, तर त्यांच्या पडद्यावर नुसते चौकोन चौकोन! त्या यंत्रात जपानी अक्षरांचा साचा नव्हता. आपल्या स्मरणिकेचा मजकूरही नाही का, एका यंत्रावर लिहिला आणि छापखान्यात उघडला की मराठीचे भलतेच काही होते, तसाच प्रकार. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देण्याचे युनिकोड नावाचे काम आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच आपली देवनागरी आणि त्यांची हिरागाना दोन्ही आल्या. क्रमांक ठरला तरी साचा यंत्रात हवाच. शेवटी धाकट्याने पत्राची पीडीएफ करून दिली, तेव्हा अक्षरे जशीच्या तशी उमटली. पाकिटावर पत्ता मुलीकडून घेतला आणि पोस्टात टाकले.

महिन्याभराने उत्तर आले. हाताने लिहिलेले, जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत. त्यात एकही कांजी नव्हती. सगळे पत्र हिरागानात, आणि प्रत्येक शब्दानंतर जागा सोडलेली. जपानी लोक एरवी शब्दांत जागा सोडत नाहीत, ती लहान मुलांच्या पुस्तकांत असते. मला वाचता यावे म्हणून आजींनी इतके केले होते. मी बोट ठेवून ठेवून वाचले. दुपारचे भांडे तसेच पडले होते.

पहिल्याच ओळीत त्यांनी मला हसवले. 'ओबासान' म्हणजे मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. मी एक बटण कमी दाबल्यामुळे त्यांना मावशी लिहून बसले होते. सातवीत आमचे मास्तर ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या देत, ते उगीच नव्हे! आजींनी लिहिले होते, की तुमच्या पत्राने माझे वय कमी झाले, फार आनंद वाटला. आणि शेवटी लिहिले होते, तुमची मुलगी रोज सकाळी माझ्या दाराशी थांबून 'इत्तेकिमासु' म्हणते. मला कोणाला 'इत्तेराश्शाइ' म्हणून बरीच वर्षे झाली होती. आता रोज म्हणते. तेव्हा तुम्ही काळजी करू नये.

भगिनींनो, त्या दिवसापासून मी खरोखरच काळजी कमी करते. मोठी विद्वत्ता मला आलेली नाही. वर्तमानपत्र वाचता येत नाही, कांजी साठ-सत्तर येतात, त्याही रोज थोड्या विसरतात. पण माझ्या मुलीला रोज 'जाऊन ये' म्हणणाऱ्या बाईंचे पत्र मी स्वतः वाचले, दुसऱ्याकडून वाचून घेतले नाही.

आपल्या मंडळाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर आपण झाकण घालून फुलदाणी ठेवली आहे. ती फुलदाणी खिडकीत ठेवता येईल. मुले-नातवंडे कोणी जर्मनीला आहेत, कोणी पुण्याला. जपानीच शिकले पाहिजे असे नाही. आपले मराठी त्यावर नीट लिहिता आले तरी पुष्कळ. आणि कोणाला ती ४६ अक्षरे शिकाविशी वाटली, तर बुधवारी दुपारी भजनानंतर मी बसायला तयार आहे. येताना निवडायची भाजी बरोबर आणली तरी चालेल.

येते.